जीर्णोद्धार चित्रपटांचा

जीर्णोद्धार म्हटला की आपल्याकडे जुन्या दगडी देवळावर तैलरंगाचे हात फिरतात आणि गाभाऱ्यात गुळगुळीत फरशी येते. जुन्या चित्रपटांना हात लावण्यापूर्वी ही सवय सोडावयास हवी.

छत्रपती संभाजीनगरकरांना याचा दाखला दूर शोधावा लागणार नाही. अजिंठ्याची भित्तिचित्रे टिकावीत म्हणून त्यांवर लाखेचे रोगण चढविले गेले. हेतू शुद्ध होता. परंतु कालांतराने रोगण पिवळे पडले व मूळ रंग झाकोळले. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना तेच रोगण हलक्या हाताने उतरवीत बसावे लागले.

चित्रपटाची फीत तर भिंतीहूनही अल्पायुषी. शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणावरील बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ (१९२५) हा मूकपट आज उपलब्ध नाही. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चार रिळांच्या मूकपटाची पहिले व शेवटचे अशी दोनच रिळे उरली. तीही १९१७ च्या पुनर्निर्मितीतील असावीत, असे काही अभ्यासक मानतात. जे वाचले त्याचे मोठे श्रेय पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आणि तेथे आयुष्य वेचणाऱ्या पी. के. नायर यांना आहे.

जपानमध्येही कथा वेगळी नाही. तेइनोसुके किनुगासा यांचा ‘अ पेज ऑफ मॅडनेस’ (१९२६) हा मूकपट नष्ट झाला, असेच समजले जात होते. १९७१ साली तो खुद्द दिग्दर्शकालाच स्वतःच्या कोठारात गवसला!

परंतु शोध लागला म्हणजे काम संपले असे नव्हे. खरी कसोटी तेथून पुढे आहे. ‘नया दौर’ (१९५७) हा कृष्णधवल चित्रपट २००७ साली रंगवून पुन्हा प्रदर्शित झाला. असा प्रयोग कुणाला रुचेल, कुणाला रुचणार नाही. मात्र त्याला जतन म्हणता येणार नाही. जतन म्हणजे उपलब्ध प्रती ताडून पाहणे, धूळ व ओरखडे दूर करणे आणि छायाप्रकाश मुळाबरहुकूम राखणे. जो भाग हरवला, तो हरवला असे प्रेक्षकाला सांगणे, हाही त्या कामाचाच भाग होय.

शाळा-महाविद्यालयांतून मूकपट दाखविताना विद्यार्थ्यांना एवढे जरी सांगितले, तरी पुष्कळ साधेल. भग्न मूर्तीला सिमेंटचे नाक बसविल्याने शिल्पकार परत येत नाही. उरले ते स्वच्छ राखावे, गेले त्याची नोंद ठेवावी. पूर्वसूरींचे ऋण फेडण्याचा प्रामाणिक मार्ग हाच.