कुर्ल्याची बॉडी, नवं इंजिन

१९८५ साली कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यातून ११८ एनई नावाची गाडी बाहेर पडली. बाहेरून ती इटलीची फियाट १२४, म्हणजे १९६७ साली युरोपातली सर्वोत्कृष्ट कार ठरलेली. बोनेट उघडलं की आत मात्र जपानच्या निस्सानचं ए१२ इंजिन, ११७१ सीसीचं, साधारण ५२ हॉर्सपॉवरचं. त्याच्यामागचा गिअरबॉक्सही निस्सानचाच. दोन देशांतल्या, एकमेकांची कधी गाठ न पडलेल्या इंजिनिअरांनी वेगवेगळ्या वेळी काढलेली ही दोन चित्रं मुंबईच्या उपनगरात एकत्र बसली आणि वर्षानुवर्षं रस्त्यावर धावली.

जुन्या गाडीत नवं इंजिन बसवणं ही आज हौशी माणसांची खटपट वाटते, पण आपल्याकडे ती कारखान्यांनीच आधी करून ठेवली आहे. कॉन्टेसाच्या थोराड बॉडीला आधी अँबॅसडरचंच १४८९ सीसीचं इंजिन होतं. ते तिला ओढवेना, म्हणून पुढे इसुझूचं १.८ लिटरचं आलं. तेच इंजिन १९९२मध्ये अँबॅसडरमध्येही गेलं. महिंद्रच्या जीपने प्यूजोचं डिझेल इंजिन घेतलं. आणि आपली पद्मिनी, म्हणजे १९६४ पासून कुर्ल्यात बनणारी आणि १९७४ पासून त्या नावाने ओळखली जाणारी फियाट ११००, तिच्यातही शेवटच्या वर्षांत १३६६ सीसीचं इटालियन डिझेल इंजिन बसलं.

आज सिल्वासात कुणाच्या दारात एखादी पद्मिनी उभी असेल आणि तिला नवं इंजिन द्यायचं असेल, तर गाव तसं सोयीचं आहे. आमली, मसाट, पिपरियाच्या औद्योगिक वसाहतींमुळे इथे लेथ आणि मिलिंग मशीन शोधत फिरावं लागत नाही. पद्मिनीचं मूळ इंजिन १०८९ सीसीचं, चाळीसेक हॉर्सपॉवरचं. खानवेलवरून दुधनीकडे जाताना चढ आला, गाडीत पाच माणसं आणि बाहेर मे महिना असला, की या आकड्याचा अर्थ कळतो.

मग कोणतं इंजिन? इथे पहिलीच गंमत आहे. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांची इंजिनं आडवी बसतात आणि पुढची चाकं फिरवतात. पद्मिनीत इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, आणि चालतात मागची चाकं. त्यामुळे रस्त्यावर दिसणाऱ्या शेकडो चांगल्या इंजिनांपैकी फारच थोडी उपयोगी पडतात. त्यातलं एक मारुती जिप्सी किंगचं: १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, साधारण ८० हॉर्सपॉवर, म्हणजे मूळच्या दुप्पट. जिप्सी फोर-व्हील-ड्राइव्ह असली तरी तिचा ट्रान्सफर बॉक्स गिअरबॉक्सपासून वेगळा असतो, मध्ये एक आखूड शाफ्ट. तो बॉक्स वगळला की उरतं ते इंजिन आणि सरळ मागे तोंड करून बसलेला पाच गिअरचा बॉक्स. पद्मिनीला हवं ते हेच.

बोनेटखाली जागा भरपूर असते, इंजिन आत सहज उतरतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. खालचं तेलाचं चेंबर गाडीच्या आडव्या क्रॉस मेंबरला लागतं, म्हणून ते कापून पुन्हा वेल्ड करायचं आणि ऑईल पंपाची जाळीही त्याप्रमाणे हलवायची. इंजिन ज्यांवर टेकतं ती फाउंडेशनची रबरं नव्या जागी आणायची. सायलेन्सरचा पाइप स्टिअरिंगच्या वाटेत येतो, तो वळवायचा.

काहींना मात्र पद्मिनीचा स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा सोडवत नाही. मला ती ओढ समजते. पण मग गिअरबॉक्स जुनाच ठेवावा लागतो, आणि नव्या इंजिनाच्या पाठीला जुन्या गिअरबॉक्सचं बेल हाऊसिंग जुळत नाही. बोल्टांची भोकं वेगळी, व्यास वेगळा. दोघांच्या मध्ये धातूची जाड प्लेट घालावी लागते: एका बाजूला इंजिनाची भोकं, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सची. दिसायला साधी, पण गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक क्रँकशाफ्टच्या शेवटी बसवलेल्या छोट्या बेअरिंगमध्ये शिरतं, आणि हे दोन शाफ्ट एका रेषेत हवेत. चूक चालते ती फार तर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाची. माणसाच्या केसाची जाडीच त्याच्या आसपास असते. फ्लायव्हीलवर डायल गेज बांधून, क्रँक हाताने फिरवत कारागीर ही रेषा शोधतो. रेषा चुकली तरी गाडी सुरू होते, चालतेही. काही हजार किलोमीटरनंतर बेअरिंग ओरडायला लागतं. क्लच प्लेटही जोडकामाचीच लागते: बाहेरचा घेर नव्या फ्लायव्हीलच्या मापाचा, मधले दाते जुन्या शाफ्टचे. आणि एवढं करूनही चाळीस हॉर्सपॉवरसाठी घडलेल्या गिअरांवर बराच जास्त जोर पडतो. म्हणून माझं मत कुर्ल्याच्या इंजिनिअरांसारखंच आहे: इंजिन घ्यावं ते त्याच्या गिअरबॉक्ससकट.

पुढचा भाग मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतो. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत ताकद नेतो तो प्रोपेलर शाफ्ट. मागचा अ‍ॅक्सल पाट्यांच्या स्प्रिंगवर वरखाली होतो, म्हणून शाफ्टच्या टोकांना क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट लागतात. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने ज्याचा अभ्यास केला तोच हा जॉइंट, आणि त्यात एक मूळचा दोष आहे. वाकून चालणारा क्रॉस एकसारखा वेग देत नाही. आत येणारा शाफ्ट अगदी एकसारख्या वेगाने फिरत असला तरी बाहेर जाणारा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. दहा अंशांच्या कोनाला हा फरक दीड टक्का; वीस अंशांना सहा टक्के. शाफ्ट मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर हा हिसका सेकंदाला शंभर वेळा बसतो.

तरीही गाडी गुळगुळीत चालते, कारण दुसऱ्या टोकालाही तसाच क्रॉस असतो आणि तो नेमका उलटा दोष करतो. पहिला जिथे पुढे धावतो तिथे दुसरा मागे ओढतो, आणि डिफरन्शियलला पोचणारा वेग पुन्हा एकसारखा होतो. दोन दोष एकमेकांना पुसून टाकतात. मात्र त्यासाठी दोन अटी पाळाव्या लागतात. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे, क्रॉस धरणारे काटे एकाच प्रतलात हवेत, आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट डिफरन्शियलच्या पिनियनला समांतर हवा. एखादं नवं इंजिन बोनेटला लागतं म्हणून कुणी ते मागे चार अंश झुकवलं की समांतरता जाते. मग एका ठरावीक वेगाला सीटखाली घरघर सुरू होते. गॅरेजवाले चाकं बॅलन्स करतात, टायर बदलतात, पण दोष भूमितीत असतो.

डिफरन्शियलचा हिशेबही करायचा असतो. समजा क्राऊन-पिनियन ४.३ चं आहे आणि टायरचा घेर १.८८ मीटर. ताशी ८० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ७१० फेरे घेतं, आणि चौथ्या, थेट गिअरमध्ये इंजिन सुमारे ३०५० फेऱ्यांवर असतं. पाचवा गिअर ०.८ चा मिळाला की तेच इंजिन त्याच वेगाला २४५० फेऱ्यांच्या आत येतं. सिल्वासाहून वापीमार्गे मुंबईच्या हायवेला लागल्यावर गाडीतली बोलणी ऐकू येऊ लागतात ती या आकड्यामुळे.

कार्ब्युरेटरच्या इंजिनाला फक्त पेट्रोल, हवा आणि ठिणगी पुरत होती. नव्या इंजिनाला स्वतःची स्थिती माहीत असावी लागते. त्यासाठी अनेक इंजिनांत क्रँकबरोबर दात्यांची चकती फिरते: साठ दात्यांची जागा, त्यातले दोन मुद्दाम गाळलेले. समोरचा सेन्सर दाते मोजतो आणि मोकळी जागा आली की कॉम्प्युटरला कळतं, फेरा इथून सुरू. ३००० फेऱ्यांना सेकंदात २९०० दाते त्याच्यासमोरून जातात, आणि त्यांच्या हिशेबाने प्रत्येक ठिणगीची वेळ ठरते. ही चकती किंवा तिचा सेन्सर जुळवाजुळवीत जरा हलला तर इंजिन सुरूच होत नाही. पेट्रोलचंही तसंच: कार्ब्युरेटरला बारच्या चौथ्या हिश्शाएवढा दाब पुरे, इंजेक्शनला तीनेक बार लागतात. म्हणून टाकीतला पंप, नळ्या, जोड सगळं नवं. जुन्या टाकीत वळणावर पेट्रोल एका कोपऱ्यात जातं; कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल शिल्लक असल्यामुळे तो ते निभावून न्यायचा, इंजेक्शनचा पंप मात्र हवा ओढतो आणि गाडी झटका खाते.

आणि ब्रेक. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम होते. गाडीतली गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ८० ऐवजी ११०ने जाणारी गाडी थांबवताना ब्रेकना जवळजवळ १.९ पट उष्णता गिळावी लागते. पुढे डिस्क ब्रेक लावल्याशिवाय नवं इंजिन सुरूसुद्धा करू नये, असं मी आग्रहाने म्हणेन. ११८ एनईला पुढे डिस्क होतेच.

कायदाही अशा बदलाच्या आड येतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे, कारखान्याने दिलेल्या आणि नोंदणीपत्रात उतरलेल्या तपशिलांहून वेगळा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना विंटेजची वेगळी नोंदणी दिली, पण ती मूळ रूपात राखलेल्या गाड्यांनाच. म्हणून बॉडीचा एकही पत्रा न कापता, मूळ भोकांवरच नवे ब्रॅकेट बसवून केलेलं काम मला सर्वांत पटतं. जुनं इंजिन तेल लावून, गुंडाळून जपून ठेवायचं. पुढच्या मालकाला ते परत बसवता आलं पाहिजे.

वेगळ्या इंधनासाठी किंवा बॅटरीसाठी त्याच कलमात मान्यताप्राप्त किटची वाट ठेवलेली आहे, आणि अशा किटची तपासणी करणाऱ्या संस्थांपैकी एक, एआरएआय, पुण्यातच आहे. पद्मिनीत विजेची मोटर घातली तर चेंबर, सायलेन्सर, रेडिएटर, पेट्रोलची टाकी यांतलं काहीच लागत नाही. पण ती मोटर जुन्या गिअरबॉक्सला जोडायची म्हटली, तर मधली प्लेट बनवावीच लागते आणि डायल गेज लावून तीच रेषा पुन्हा शोधावी लागते.