जतन केलेल्या वेबपृष्ठातील चित्रफीत गावी का चालत नाही?

शिरूर व दौंड या दोन तालुक्यांत घोड आणि भीमा या नद्यांच्या काठी उसाचे क्षेत्र मोठे आहे. वळवाचा पहिला जोराचा पाऊस झाला, की या पट्ट्यात दिवेलागणीनंतर हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात आणि बांधावरील बाभूळ, कडुनिंब व बोर या झाडांवर पाला खाण्यासाठी व मीलनासाठी जमा होतात. झाडाच्या फांद्या हलवून हे भुंगेरे खाली पाडावयाचे आणि गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावयाचे, हा उपाय साऱ्या गावाने एकाच वेळी केला तर फार परिणामकारक ठरतो. एक मादी जमिनीत पन्नास-साठ अंडी घालते आणि अळी एकदा उसाच्या मुळाशी पोहोचली, की मग तिचा बंदोबस्त करणे कष्टाचे व खर्चाचे होऊन बसते. हुमणीची वर्षाकाठी एकच पिढी होत असल्यामुळे भुंगेरे गोळा करण्याची संधीही वर्षातून एकदाच, त्या थोड्या दिवसांतच मिळते.

म्हणून या सुमारास गावोगाव सभा घेऊन भुंगेरे ओळखणे, गोळा करणे व प्रकाशसापळा लावणे यांची माहिती देणारी चित्रफीत दाखविण्याचा प्रघात पडला आहे. कार्यकर्ता तालुक्याच्या ठिकाणी एखादे माहितीपूर्ण वेबपृष्ठ उघडतो, ते मोबाइल फोनवर अथवा संगणकावर जतन करतो आणि ज्या वस्तीवर इंटरनेटची रेंज नीट मिळत नाही तेथे संध्याकाळी जातो. मंडळी जमतात, पृष्ठ उघडते, मजकूर दिसतो, छायाचित्रेही दिसतात. आणि चित्रफितीच्या जागी मात्र नुसती काळी किंवा करडी चौकट! दौंड तालुक्यातील एका गावी प्रस्तुत लेखकाची अशीच फजिती झाली. माहिती तोंडी सांगितली. परंतु भुंगेरा प्रत्यक्ष कसा दिसतो, तो किती वाजता बाहेर पडतो आणि फांदी कशी हलवावी हे डोळ्यांनी पाहण्यात जी खात्री असते ती नुसत्या बोलण्याने येत नाही. दुसरी सभा ठरेपर्यंत पाऊस पडून गेला होता.

हा दोष फोनचा नव्हे आणि बहुधा कार्यकर्त्याच्या निष्काळजीपणाचाही नव्हे. वेबपृष्ठाची रचनाच समजून न घेतल्यामुळे तो उद्भवतो.

आपणास जे एक पान म्हणून दिसते ते वस्तुतः अनेक तुकड्यांचे बनलेले असते. मजकुराची एक फाइल, प्रत्येक छायाचित्राची निराळी फाइल, अक्षरांचे वळण व रंग ठरविणारी आणखी एक फाइल, शिवाय काही आज्ञावल्या. ब्राउझर हे सारे तुकडे आणून पडद्यावर मांडतो. पान जतन करताना तो यांपैकी पुष्कळसे तुकडे उतरवून घेतो. चित्रफितीची गोष्ट मात्र वेगळी आहे. शेतीविषयक पृष्ठांवरील बहुतेक चित्रफिती त्या पृष्ठाच्या मालकीच्या नसतातच. त्या यू-ट्यूबसारख्या ठिकाणी ठेवलेल्या असतात आणि पृष्ठामध्ये केवळ एक चौकट बसवून तिकडचा पत्ता लिहिलेला असतो. वाचकाने कळ दाबली, की चित्रफीत त्या दूरच्या ठिकाणाहून काही सेकंदांच्या लहान लहान तुकड्यांनी येऊ लागते. ती एकसंध फाइल म्हणून आपल्या हाती येतच नाही, त्यामुळे पान जतन करणाऱ्या ब्राउझरलाही ती उचलून ठेवता येत नाही.

दौंडकडील शेतकऱ्यांना हे खडकवासल्याच्या कालव्यावरून आणि शिरूरकडील शेतकऱ्यांना घोड किंवा चासकमानच्या कालव्यावरून सहज उमजेल. चौकट म्हणजे शेताच्या कडेचे दार आहे. आवर्तन सुरू असेल तेव्हा दार उघडताच पाणी येते. आवर्तन बंद असताना तेच दार कितीही उघडले तरी थेंब पडत नाही. पान जतन करताना आपण दार उचलून घरी आणलेले असते, पाणी नव्हे. पाणी हवे असेल तर ते आवर्तन चालू असतानाच शेततळ्यात भरून ठेविले पाहिजे.

यातील फसवी बाब अशी, की जतन केलेले पान तालुक्याच्या कार्यालयात उघडून पाहिले असता चित्रफीत पुष्कळदा व्यवस्थित चालते. कार्यकर्त्याचे समाधान होते आणि तो निघतो. वास्तविक त्या वेळी चित्रफीत जतन केलेल्या पानातून चालत नसून कार्यालयातील इंटरनेटवरून येत असते. यास्तव खरी परीक्षा एकच आहे. फोन फ्लाइट मोडवर टाकावा, वाय-फाय सुरू राहिले असल्यास तेही बंद करावे, ब्राउझर पूर्णपणे मिटून पुन्हा उघडावा आणि मग जतन केलेले पान पाहावे. या स्थितीत चित्रफीत आरंभापासून शेवटापर्यंत चालली तरच ती आपल्याजवळ आहे असे समजावे. निम्मी चालून थांबली तर ती नाही असेच धरावे.

आकारमानावरूनही अंदाज बांधता येतो. साधारण स्पष्टतेची चित्रफीत सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने चालते असे धरल्यास दहा मिनिटांच्या चित्रफितीस सुमारे ७५ मेगाबाइट जागा लागते. जतन केलेले सर्व साहित्य मिळून दोन-तीन मेगाबाइट भरत असेल, तर त्यात दहा मिनिटांची चित्रफीत असणे शक्य नाही. पोते हातात घेताच धान्य किती आहे ते कळते, तसाच हा प्रकार आहे.

आता निरनिराळ्या लक्षणांवरून दोष कसा ओळखावा ते पाहू. चौकटीत इंटरनेट जोडलेले नाही किंवा संपर्क होत नाही अशा अर्थाची सूचना दिसल्यास वर सांगितलेलेच कारण समजावे. इंटरनेट असूनही यू-ट्यूबच्या चौकटीत १५३ क्रमांकाची त्रुटी दिसत असेल तर कारण थोडे निराळे आहे. ही मागणी कोणत्या संकेतस्थळावरून आली, याची ओळख यू-ट्यूब मागते. आपल्या फोनमधील किंवा संगणकातील फाइल उघडली असता तिला इंटरनेटवरील पत्ता नसतो, त्यामुळे ही ओळख जात नाही व चित्रफीत नाकारली जाते. अशा वेळी पान पुनःपुन्हा जतन करण्यात वेळ घालवू नये. मूळ पृष्ठ किंवा चित्रफितीचा मूळ दुवा थेट उघडावा.

चित्रफितीबरोबर छायाचित्रेही नाहीशी झाली असतील तर तुकड्यांची ताटातूट झाली आहे असे ओळखावे. संगणकावर संपूर्ण पान जतन केल्यास एक एचटीएमएल फाइल व तिच्याच नावाचे एक फोल्डर अशी जोडी तयार होते. पानातील छायाचित्रांचे पत्ते त्या फोल्डरच्या नावाने लिहिलेले असतात. फोल्डरचे नाव हाताने बदलले, फाइल एकीकडे व फोल्डर दुसरीकडे ठेवले, किंवा व्हॉट्सॲपवरून केवळ फाइल पाठविली, की संबंध तुटतो. दोन्ही मिळून झिप करून पाठवावे हे बरे. तथापि फोनवर एवढ्यानेही काम भागेलच असे नाही, कारण फोनवरील ब्राउझर पुष्कळदा उघडलेल्या फाइलीच्या शेजारचे फोल्डर वाचू शकत नाही. फोनसाठी एमएचटीएमएल या प्रकारची एकच फाइल अधिक सोयीची असते. अँड्रॉइड फोनवर क्रोम ब्राउझरमधून पान उतरविल्यास ती आपोआप त्याच प्रकारची होते. मात्र तिच्यात मजकूर व छायाचित्रे येतात, चित्रफीत येत नाही. काही पानांवरील छायाचित्रे पान खाली सरकविल्यावरच येतात, म्हणून जतन करण्यापूर्वी पान शेवटपर्यंत एकदा सरकवून घ्यावे.

आवाज येतो पण चित्र दिसत नाही, किंवा याच्या उलट होते, तेव्हा चित्रफीत जवळ आहे परंतु तिची बांधणी त्या उपकरणास उलगडत नाही असा अर्थ होतो. नव्या फोनवर चित्रित केलेल्या एचईव्हीसी बांधणीच्या फिती ग्रामपंचायतीच्या जुन्या टीव्हीवर किंवा संगणकावर अडतात त्या यामुळेच. एमपी-४ फाइल व तीत एच-२६४ ही बांधणी असल्यास ती जवळजवळ सर्वत्र चालते. बऱ्याच वर्षांपूर्वीच्या पृष्ठांवर फ्लॅश या पद्धतीच्या चित्रफिती आढळतात. त्या पद्धतीचा आधार तिच्या निर्मात्यांनी ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद केला. अशा पानावर डोके घालण्यापेक्षा तोच विषय अन्यत्र शोधावा.

दोष ओळखणे झाले. परंतु कार्यकर्त्यास हवी असते ती संध्याकाळच्या सभेत चालणारी चित्रफीत. त्यासाठी पान व चित्रफीत या दोन वस्तू आरंभापासूनच निराळ्या मानाव्यात. पान वाचण्यासाठी जतन करावे. चित्रफीत ज्या संस्थेने तयार केली असेल, मग ते कृषी विद्यापीठ असो, कृषी विज्ञान केंद्र असो वा साखर कारखान्याचा ऊस विकास विभाग, तिच्याकडे मूळ फाइलच मागावी. अशी मागणी करण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. चित्रफीत दाखविली जावी म्हणूनच ती काढलेली असते. मूळ फाइल मिळणे शक्य नसेल तर यू-ट्यूबच्या स्वतःच्या ॲपमध्ये, ज्या फितींना ती सोय दिलेली आहे त्या, इंटरनेटविना पाहण्यासाठी उतरवून ठेवता येतात. या फिती फक्त त्या ॲपमध्येच चालतात, दुसऱ्यास पाठविता येत नाहीत, आणि ठराविक मुदतीत फोन पुन्हा इंटरनेटशी जोडावा लागतो. म्हणून सभेच्या दिवशी सकाळी फोन एकदा जोडून घ्यावा.

मूळ फाइल मिळाल्यावर तिला ओळखू येईल असे नाव द्यावे व एक प्रत फोनमध्ये, दुसरी पेन ड्राइव्हवर ठेवावी. ज्या टीव्हीवर ती दाखवावयाची त्याच टीव्हीवर आधी दोन मिनिटे चालवून पाहावी. फोनचा आवाज वीस-पंचवीस माणसांना पुरत नाही, यासाठी लहानसा स्पीकर न्यावा.

चित्रफीत दाखवून झाल्यावर फोन खिशात घालून उठू नये असे माझे मत आहे. १९५६ साली पुणे नभोवाणी केंद्रावरून युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्यातील सुमारे दीडशे गावांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग करण्यात आला. त्यात गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि लगेच त्यावर चर्चा करीत. हुमणीच्या बाबतीत तर ही चर्चाच महत्त्वाची. कोणाच्या बांधावर बाभळी आहेत, कोणत्या आळीची मुले कोणत्या झाडाखाली जातील, हे तेथल्या तेथे ठरले तरच दुसऱ्या संध्याकाळी भुंगेरे गोळा होतात.

जतन केलेल्या पानाविषयी आणखी एक सावधगिरी घ्यावयाची आहे आणि ती चित्रफीत न चालण्यापेक्षाही गंभीर आहे. जतन केलेले पान पुढे बदलत नाही. मूळ पृष्ठावरील शिफारस दुरुस्त झाली तरी आपल्या फोनमधील प्रत जुनीच राहते. उसातील हुमणीसाठी पूर्वी दाणेदार फोरेट देण्याची शिफारस सर्रास केली जात असे. केंद्र शासनाच्या २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून फोरेटवर देशात बंदी आहे. तरीही ती शिफारस असलेली जुनी पाने व चित्रफिती आजही एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फिरताना आढळतात. म्हणून प्रत्येक फाइलीच्या नावातच ती जतन केल्याचा महिना व वर्ष लिहावे, औषध व मात्रा यांचा उल्लेख असलेला भाग दाखविण्यापूर्वी तो चालू शिफारशींशी ताडून पाहावा, आणि फोरेटची शिफारस करणारी फाइल हाती आल्यास ती पुढे न पाठविता पुसून टाकावी व ज्याच्याकडून आली त्यालाही तसे कळवावे.