कह्यात राहणारी रॅकेट

क्रीडासाहित्याच्या दुकानात टेनिसची रॅकेट निवडण्याची एक ठरलेली रीत आहे. गिऱ्हाईक भिंतीवरची रॅकेट उतरवतं, हवेत दोनदा फिरवतं, गटिंगवर तळहात आपटून बघतं आणि ‘हलकी आहे, छान आहे’ असं म्हणून पैसे मोजतं. नवशिक्याचं यात फारसं बिघडत नाही. पण जो खेळाडू वर्षानुवर्षं खेळतो आहे, ज्याचा फोरहँड पूर्ण फिरतो, ज्याला चेंडू लांब पोचवायला रॅकेटची मदत नको असते आणि बेसलाइनच्या आत ठेवायला मात्र हवी असते, त्याची या रीतीनं हमखास फसगत होते. हवेत फिरवताना रॅकेटला झेलावं लागत नाही काहीच. दुकानात सुखाची वाटलेली हलकी रॅकेट दुसऱ्या सेटच्या शेवटी, समोरून जोरकस सर्व्हिस येत असताना, हाताला जाचायला लागते.

माझं म्हणणं असं की, अनुभवी खेळाडूला हवा असलेला ताबा आणि त्याच्या कोपराला हवा असलेला आराम या दोन वेगळ्या मागण्या नाहीतच. दोन्ही एकाच ठिकाणाहून येतात: पुरेसं वजन आणि वाकणारी फ्रेम.

चेंडू तारांवर टेकतो तो जेमतेम पाच मिलिसेकंद. तेवढ्यात तारा मागे ताणल्या जातात, चेंडू चपटा होतो आणि फ्रेम मागे वाकते. तारा आपल्याकडे साठलेली ऊर्जा जवळजवळ सगळी परत करतात, नव्वद टक्क्यांहून जास्त. चेंडू मात्र उधळ्या. शंभर इंचांवरून सोडलेला चेंडू त्रेपन्न ते अठ्ठावन्न इंच उसळला की तो नियमात बसतो, म्हणजे निम्म्याच्या आसपास ऊर्जा त्याच्या पोटातच जिरते. आता राहिली फ्रेम. तिचं कंपन सेकंदाला साधारण सव्वाशे ते पावणेदोनशे वेळा होतं. म्हणजे एका पूर्ण हेलकाव्याला सहा ते आठ मिलिसेकंद लागतात. वाकलेली फ्रेम सरळ होऊन पुढे यायच्या आत चेंडू निघून गेलेला असतो. फ्रेम वाकवण्यात खर्ची पडलेली ऊर्जा चेंडूला परत मिळतच नाही.

ताठ फ्रेम कमी वाकते, म्हणून चेंडू वेगानं सुटतो. लवचीक फ्रेम जास्त वाकते, म्हणून चेंडू थोडा मंद सुटतो. ज्याच्या हातात मुळातच जोर आहे त्याला हा मंदपणा सोयीचा पडतो. त्याला मोकळेपणानं पूर्ण हात फिरवता येतो, आणि चेंडू मागच्या जाळीपर्यंत जाईल ही धास्ती राहत नाही. शिवाय फ्रेम वाकते तेव्हा आघाताचा धक्का थोड्या जास्त वेळात पसरतो आणि मनगटाशी पोचेपर्यंत त्याची धार गेलेली असते.

हा ताठपणा मोजायला बाबोला कंपनीचं एक यंत्र आहे. रॅकेट त्यात पकडून ठरावीक भार द्यायचा आणि ती किती वाकते ते बघायचं. येणाऱ्या आकड्याला खेळाडू ‘आरए’ म्हणतात. सत्तरच्या वर म्हणजे ताठ, पासष्टच्या खाली मऊ, साठच्या खाली बरीच लवचीक. पण या एका आकड्यावर भिस्त ठेवू नये. यंत्र फ्रेम एकाच दिशेनं वाकवून बघतं. ती गळ्याशी वाकते की डोक्याशी, मध्याबाहेर चेंडू लागल्यावर किती पिळवटते, यातलं काही त्या आकड्यात उतरत नाही. बासष्टच्या दोन रॅकेट हातात अगदी वेगळ्या लागलेल्या मी अनुभवल्या आहेत.

लवचीकपणाची कमाल बघायची तर डनलॉपच्या मॅक्स 200जीकडे जावं लागतं. बाकीच्या ग्राफाइट रॅकेट कार्बनच्या चिकट पट्ट्या गुंडाळून, साच्यात घालून, आतून हवेचा दाब आणि बाहेरून उष्णता देऊन बनवतात. ही रॅकेट निराळी होती. कार्बनच्या तोकड्या तंतूंनी भरलेलं वितळलेलं नायलॉन साच्यात सोडायचं, मध्ये कमी तापमानाला वितळणाऱ्या धातूचा गाभा ठेवायचा आणि फ्रेम घट्ट झाली की तो गाभा वितळवून काढून टाकायचा. फ्रेम पोकळ राही, पण तिचा स्पर्श लाकडाच्या जवळचा असे. जॉन मॅकेन्रोनं लाकडी रॅकेट सोडून ती हातात घेतली आणि 1983चं विम्बल्डन जिंकलं. पुढच्या वर्षी तो 82 सामने जिंकला आणि फक्त 3 हरला. नेटजवळ चेंडूचा वेग मारून तो नेमका हवा तिथे टाकण्याची त्याची कला त्या मऊ फ्रेमशिवाय तशीच फुलली असती असं मला वाटत नाही. स्टेफी ग्राफनं 1988 मध्ये चारही ग्रँड स्लॅम आणि ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं तेही याच रॅकेटनं. फक्त हळुवार खेळाडूंची रॅकेट म्हणून तिला बाजूला काढता येत नाही. ग्राफच्या फोरहँडइतका जोर त्या काळी कुणाकडे होता?

त्याच दशकातली दुसरी मोठी रॅकेट विल्सनची प्रो स्टाफ. 85 चौरस इंचांचं छोटं डोकं, अवघी 17 मिलिमीटर जाडीची फ्रेम, चार भाग ग्राफाइट आणि एक भाग केवलार यांची वीण. डोक्याच्या दोन्ही कडांना, घड्याळात तीन आणि नऊ असतात त्या जागी, फ्रेम थोडी फुगवलेली होती. तिथे वजन असलं की चेंडू मध्याबाहेर लागला तरी रॅकेट हातात वळत नाही. एडबर्ग आणि कुरियर हिच्याच जोरावर अव्वल झाले. पीट सॅम्प्रसनं आपली चौदाच्या चौदा ग्रँड स्लॅम विजेतेपदं हिच्यानं मिळवली. शिशाच्या पट्ट्या चिकटवून त्यानं ती चारशे ग्रॅमच्या आसपास नेली होती आणि वर नैसर्गिक गटचं, म्हणजे प्राण्यांच्या आतड्याच्या तारांचं, अतिशय घट्ट गटिंग. ही कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंट बेटावरच्या कारखान्यात बनलेली असेल तर संग्राहक आजही शोधत येतात.

पण या रॅकेटची आणखी एक बाजू सांगायला हवी. छोटं डोकं म्हणजे छोटा स्वीट स्पॉट. रॉजर फेडररनं सुरुवात 85 इंचांवर केली, मग 90वर आला आणि दशकभर तिथेच राहिला. उंच उसळणाऱ्या टॉपस्पिनवर त्याच्या एकहाती बॅकहँडचे चेंडू फ्रेमला लागून उडायचे, आणि समोर नदाल असला की हे हटकून व्हायचं. 2014 मध्ये तो 97 इंचांच्या रॅकेटवर स्थिरावला. 2017च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात त्यानं नदालला त्याच बॅकहँडनं, चेंडू उसळताक्षणी सपाट मारून, मागे रेटलं. तेव्हा ताबा हवा म्हणून कुणी जुनी 85 शोधत असेल तर मी त्याला परावृत्त करीन. आज 95 ते 98 इंचांत ताबा भरपूर मिळतो. फ्रेम सडपातळ आणि विणकाम दाट असेल तर 100 इंचांतसुद्धा मिळतो. हेडची ग्रॅव्हिटी प्रो तशी आहे.

मधल्या काळात बाजार उलट दिशेला गेला. 1987 मध्ये विल्सननं प्रोफाइल आणली, बाजूनं बघितलं तर चक्क 39 मिलिमीटर जाड. जाड फ्रेम ताठ होते, ताठ झाली की वजन कमी केलं तरी चेंडू जोरात जातो आणि विकायला सोपी पडते. हळूहळू मारणाऱ्या, हौसेनं खेळणाऱ्या माणसाचं यात भलंच झालं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण हलकी आणि ताठ ही जोडी हाताला वाईट.

हलक्या रॅकेटवर चेंडू आदळला की ती जास्त मागे फेकली जाते, आणि ते मागे फेकणं थोपवायचं काम मनगट आणि कोपर यांच्यावर येतं. भरलेली एसटी खड्ड्यातून जाते आणि रिकामी जाते तेव्हा मागच्या बाकावर जो फरक जाणवतो, तोच इथे. म्हणून अनुभवी खेळाडूनं गटिंगशिवाय 305 ते 320 ग्रॅमची रॅकेट बघावी. गटिंगचे पंधरा-सोळा ग्रॅम आणि वरच्या ग्रिपचे पाच-सहा धरले तर हातात येताना ती सव्वातीनशे ते तीनशे चाळीसच्या घरात जाते. वजनाचा तोल मुठीकडे झुकलेला हवा. मग तीच जड रॅकेट नेटजवळ चपळ वाटते.

‘टेनिस एल्बो’ हे नाव मराठी घराघरात पोचलं ते टेनिसमुळे नव्हे, सचिन तेंडुलकरमुळे. 2004 मध्ये डाव्या कोपरानं त्याला कित्येक सामने बाहेर बसवलं आणि 2005 मध्ये लंडनला शस्त्रक्रिया करावी लागली. कोपराच्या बाहेरच्या हाडाला मनगट उचलणाऱ्या स्नायूचा कंडरा चिकटलेला असतो. दुखतो तो तिथे. टेनिसमध्ये तो दुखावण्याची खात्रीची वाट म्हणजे उशिरा मारलेला एकहाती बॅकहँड, मनगट मोडलेलं आणि मूठ आवळलेली. रॅकेट बदलून चुकीचा बॅकहँड सुधारत नाही. तरी ताठ, हलकी फ्रेम आणि वर घट्ट पॉलिएस्टर असं सगळं एकत्र आलं की चुकीची किंमत फार चढते.

इथे तारांमध्ये अडकवण्याच्या रबरी बटणाबद्दल सांगायलाच हवं, कारण क्लबात निम्मे लोक ते कोपरासाठी लावतात. ते बटण तारांचा टणत्कार बंद करतं. फ्रेमच्या कंपनावर आणि धक्क्यावर त्याचा परिणाम जवळजवळ नाही. आवाज आवडत नसेल तर जरूर लावावं. ग्रिपच्या मापाकडे मात्र लक्ष द्यायला हवं. रॅकेट धरल्यावर बोटांची टोकं आणि तळव्याचा मांसल भाग यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचं एक बोट बसेल इतकी जागा असावी. ग्रिप फार बारीक असली की रॅकेट हातात वळू नये म्हणून मूठ आपोआप आवळली जाते.

आणि गटिंग. माझ्या मते आरामाचा निम्मा हिशेब इथेच होतो. ल्योंची बाबोला कंपनी 1875 पासून प्राण्यांच्या आतड्याच्या तारा बनवते आहे आणि त्या तारेइतकी मऊ, तरीही ताण धरून ठेवणारी दुसरी तार अजून कुणाला जमलेली नाही. 1997 मध्ये फारसा कुणाला माहीत नसलेला ब्राझीलचा गुस्तावो कुएर्तेन लक्सिलॉनची पॉलिएस्टर तार घेऊन पॅरिसला आला आणि फ्रेंच ओपन जिंकून गेला. पॉलिएस्टरच्या तारा एकमेकांवरून सरकून जागेवर परत येतात, त्यामुळे चेंडूला फिरक जबरदस्त मिळते. व्यावसायिक खेळाडूंचं सारं सर्किट त्याच्या मागे गेलं. पण ही तार ताठ असते आणि लवकर मरते. तुटत नाही म्हणून आपण महिनोन् महिने वापरतो आणि मेलेल्या तारांनी खेळत राहतो. मोठ्या स्पर्धांत खेळाडू नवे चेंडू आले की ताज्या गटिंगची रॅकेट काढतात; ती ऐट नाही, गरज आहे. ज्याला पॉलिएस्टरची फिरक हवी आणि कोपरही जपायचं आहे त्यानं ताण पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस पौंडांवर आणावा, किंवा फेडररसारखं उभ्या तारा गटच्या आणि आडव्या पॉलिएस्टरच्या असं करावं. मुंबई-कोकणात पावसाळ्यात नैसर्गिक गट दमट हवेनं उसवतं. तिथे अनेक बारीक तंतूंची मल्टिफिलामेंट तार शहाणपणाची.

विणकामाचंही तसंच. सोळा उभ्या आणि एकोणीस आडव्या तारांत फट मोठी, चेंडू उंच आणि फिरत सुटतो. अठरा बाय वीसमध्ये तो सपाट, सरळ आणि दर वेळी सारख्याच उंचीनं निघतो. ताबा म्हणून अठरा बाय वीस घेणाऱ्यानं एक लक्षात ठेवावं: दाट तारा हाताला कडक लागतात, म्हणून ताण दोन-तीन पौंड उतरवून घ्यावा.

आज दुकानात अशा रॅकेटचा तोटा नाही. विल्सनची ब्लेड 98, हेडची प्रेस्टिज, टेक्निफायबरची टीएफ40, जपानमध्ये निगाता प्रांतात बनणारी योनेक्सची पर्सेप्ट 97, प्रिन्सची फँटम. अतिशय मऊ हवी असेल तर 2019 मध्ये आलेली विल्सनची क्लॅश आहे, पण ती 295 ग्रॅमची असल्यामुळे जोरकस खेळाडूला थोडं वजन वाढवावं लागतं. आवडत्या खेळाडूच्या हातातली तीच रॅकेट घ्यायचा मोह टाळावा. बऱ्याच व्यावसायिकांच्या रॅकेटवर नव्या मॉडेलचा रंग असतो आणि आत जुनाच साचा. अँडी मरे वर्षानुवर्षं हेडच्या अशाच जुन्या साच्यानं खेळला.

निवडताना दोन रॅकेट मागून आणाव्यात, दोन्हींवर तीच तार त्याच ताणानं, आणि क्लबच्या मार्करसमोर, म्हणजे सरावाला ठेवलेल्या खेळाडूसमोर, उभं राहावं. रॅलीत सगळ्याच रॅकेट गोड वाटतात. खरी परीक्षा घ्यायची तर त्याला अंगावर जोरात सर्व्हिस करायला सांगावं आणि नुसती रॅकेट आडवी धरून चेंडू परत करावा. मग ताणून घेतलेली व्हॉली, खाली वाकून मारलेला स्लाइस आणि शेवटी, हात थकल्यावर, दुसरी सर्व्हिस. तीत चेंडू कुठे पडतो ते बघावं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेली बादली उचलताना कोपर काय म्हणतं तेही.

रॅकेट ठरली की एकाच मॉडेलच्या दोन घ्याव्यात, पण दुकानातला वजनकाटा मागून. कारखान्यातून निघताना छापील वजनापेक्षा पाच-सात ग्रॅम इकडे तिकडे चालवून घेतात, म्हणजे एकाच नावाच्या दोन रॅकेटमध्ये दहा ते चौदा ग्रॅमपर्यंत फरक पडू शकतो. तोलातही काही मिलिमीटर. हलकी निघेल तिच्या तीन आणि नऊच्या जागी शिशाच्या पट्ट्या लावून, उरलेलं वजन मुठीत भरून दोघी सारख्या करता येतात. जड निघालेलीतून वजन काढता येत नाही, म्हणून शंका असेल तेव्हा जोडीतली हलकी घ्यावी.