खानदेशात कूलर का चालतो?
मे महिन्यात जळगाव-धुळ्यात पारा ४५ अंशांना टेकतो, हवा मात्र कोरडीठाक. कूलरचं फावतं ते इथेच. आर्द्रता १५ टक्के असेल तर ही भट्टीतली हवा ओल्या पॅडमधून तिशीच्या आसपास उतरते. मुंबईत तोच कूलर नुसती चिकचिक वाढवतो. आता गवताच्या जाळ्या जाऊन हनीकोंब पॅड आले, वीज वाचवणारी बीएलडीसी मोटर आली. दीड टनी एसीला साधारण दीड हजार वॉट लागतात, घरगुती कूलरला दोनशेच्या आतबाहेर. म्हणून वीज गेली तरी तो इन्व्हर्टरवर चालतो. पाणी मात्र पितो, आणि टंचाईही नेमकी तेव्हाच! कूलर चालू असताना खोलीची एक खिडकी उघडी ठेवा. टाकी आठवड्यातून एकदा कोरडी करा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.