नरक्याचे औषध कशात विरघळवायचे?

भीमाशंकरच्या जंगलात नरक्या नावाचे झाड आहे. त्याच्यात कॅम्प्टोथेसिन असते, कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखणारे. हे द्रव्य 1966 मध्ये एका चिनी झाडातून प्रथम वेगळे केले ते डॉ. मनरो वॉल आणि डॉ. मनसुख वाणी यांनी. वाणी आपल्या नंदुरबारचे. पॅक्लिटॅक्सेलही याच दोघांनी शोधले.

दोन्ही औषधांची अडचण एकच, ती पाण्यात विरघळत नाहीत. मग शिरेतून द्यायची कशी? कॅम्प्टोथेसिनचा पाण्यात विरघळणारा क्षार करून पाहिला, तर रुग्णांच्या लघवीतून रक्त जाऊ लागले. पॅक्लिटॅक्सेल अल्कोहोल आणि एरंडेलापासून केलेल्या द्रवात विरघळवले. त्या द्रवाचीच अनेकांना ॲलर्जी येते. सलाईनआधी आम्ही नर्सेस स्टेरॉईडचे इंजेक्शन देतो ते म्हणूनच.

यावर एक उपाय म्हणजे मायसेल. साबण तव्याचा तेलकटपणा कसा काढतो? साबणाच्या कणाचे एक टोक पाण्याकडे जाते, दुसरे तेलाकडे. अनेक कण मिळून गोळी होते आणि तेल आत अडकते. पॉलिमरची मायसेल तशीच, फक्त आत तेलाऐवजी औषध.

पण औषध आणि पॉलिमर एकत्र आणायला आधी विद्रावक लागतो. त्याने दोघांना विरघळवावे, पाण्यात मिसळावे आणि काम झाले की निघून जावे. शेवटची अट सर्वात अवघड. ॲसिटोन 56 अंशांवर उकळतो, सहज उडतो. डीएमएसओ कॅम्प्टोथेसिनला चांगला विरघळवतो, पण उकळतो 189 अंशांवर. तो उडवता येत नाही. मिश्रण बारीक छिद्रांच्या पडद्याच्या पिशवीत भरून, बाहेरचे पाणी बदलत राहून तो काढावा लागतो. किडनीच्या डायलिसिससारखेच. क्लोरोफॉर्म तर पाण्यात मिसळतच नाही, शिवाय विषारी. औषधात उरलेल्या क्लोरोफॉर्मची आंतरराष्ट्रीय मर्यादा दहा लाख भागांत 60, ॲसिटोनची 5000. प्रयोगशाळेत सोयीचा म्हणून विद्रावक निवडणे आम्हाला पटत नाही; उरलेला अंश शेवटी रुग्णाच्या रक्तात जातो.

नरक्याची साल उकळून पिऊ नका, कोणी कितीही सांगो. त्यात किती विष उतरले ते कोणालाच मोजता येत नाही.

पॅक्लिटॅक्सेल चालू असेल तर कोणत्या प्रकारचे आहे ते विचारा. प्रकारानुसार डोस बदलतो, एकाच्या जागी दुसरे चालत नाही. सलाईन सुरू होताच चेहरा लाल झाला, छाती दाटली, धाप लागली तर ताबडतोब नर्सला हाक मारा. आपल्या बायका सोसत बसतात, तसे बसू नका.