धीर देणारे हात कोणाचे?

तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ साली एका कोवळ्या वयाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांकडून बलात्कार झाल्याची तक्रार नोंदली गेली. सत्र न्यायालयाने दोघाही पोलिसांना सोडून दिले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना शिक्षा ठोठावली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा मुक्त केले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, आणि प्रतिकार नाही म्हणजे संमती, असे ते तर्कट होते. त्याविरुद्ध १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या चौघा कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. पुढे देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

ही चळवळ स्त्रियांच्या इतिहासात मानाने नोंदविली जावी अशीच होती. तथापि ती मुख्यतः वकील, प्राध्यापक आणि कार्यकर्त्या यांनी चालविली. जिच्यावर प्रसंग ओढवला तिने कोणाजवळ बोलावे, तिच्या शेजारी कोणी बसावे, हा प्रश्न मागेच राहिला. तो आजही सुटलेला नाही.

मदतीची सोय झालीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्रात २०१३ पासून ‘मनोधैर्य’ योजनेतून अर्थसाहाय्य मिळते. केंद्राच्या ‘सखी’ केंद्रांत २०१५ पासून उपचार, कायद्याचा सल्ला व तात्पुरता निवारा एका छताखाली देण्याची तरतूद आहे. मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांतील ‘दिलासा’ केंद्रे त्याही आधीची. परंतु यंत्रणेचे काम फाइल बंद झाली की संपते. सोसणारीचे संपत नाही. २०२२ या एका वर्षात देशात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदले गेले, आणि बहुतेक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो. म्हणजे त्या स्त्रीला परत जावे लागते ते त्याच गल्लीत, त्याच पाणवठ्यावर, पुष्कळदा त्याच घरात.

मौनाचा हिशेब

येथे थोडे अर्थशास्त्र पाहणे आवश्यक आहे. मोलमजुरी करणाऱ्या स्त्रीला न्यायालयातील प्रत्येक तारखेची किंमत मोजावी लागते. तिची त्या दिवसाची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याची बुडते, एसटीचे भाडे वेगळे. तारीख पुढे पडली की हाच खर्च पुन्हा. उलट, तक्रार मागे घेण्यासाठी समोरून पैसा व दडपण दोन्ही येते. अशा वेळी साक्ष फिरली तर तिला दोष देणारे लोक हा ताळेबंद कधी मांडत नाहीत. जिने हा रस्ता आधी तुडविला आहे, ती स्त्री मात्र तो तोंडपाठ जाणते. कोणता कागद जपून ठेवायचा, उलटतपासणीत काय अंगावर येते, रात्री झोप लागत नाही तेव्हा काय करावे, हे अनुभवाचे ज्ञान आहे. ते एकटीपाशी राहिले तर ओझे होते. दहाजणींत वाटले तर भांडवल होते.

हे केवळ कल्पनारंजन नव्हे. २० डिसेंबर २०१८ रोजी मुंबईहून निघालेली ‘गरिमा यात्रा’ सुमारे १०,००० किलोमीटरचा प्रवास करून फेब्रुवारी २०१९ मध्ये दिल्लीस पोहोचली. तीत अत्याचार सोसलेल्या स्त्रिया स्वतः बोलल्या. लाज आपली नव्हे, गुन्हेगाराची, हे त्यांनी चारचौघांत सांगितले. गावोगावच्या अनेकींना आपण एकट्या नाही हे त्यातून प्रथमच कळले असेल.

धोके आणि पथ्ये

यावर आक्षेप आहेत, आणि ते झटकून टाकण्यासारखे नाहीत. एकीची जखम ऐकताना दुसरीची उघडी पडू शकते. म्हणून कोणावरही कहाणी सांगण्याची सक्ती नको आणि प्रशिक्षित समुपदेशक हाकेच्या अंतरावर हवा. बचावपक्षाचा वकील ‘ही साक्ष पढविलेली आहे’ असे म्हणू शकतो. म्हणून बैठकीत चालू खटल्यातील पुराव्याची चर्चा टाळावी. पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमातही ती तरतूद कायम आहे. प्रौढ स्त्री स्वतः लेखी संमती देऊ शकते, पण तो निर्णय तिचाच. तेव्हा छायाचित्रे नकोत, नावांच्या याद्या नकोत. अठरा वर्षांखालील मुलीची हकीकत कळल्यास पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे, हेही येणाऱ्या प्रत्येकीस आधीच सांगितले पाहिजे.

सुरक्षितता ही अशा पथ्यांतून निर्माण होते; नुसत्या सदिच्छेतून नव्हे. आणि ही पथ्ये ठरविण्याचा अधिकार त्या स्त्रियांचाच असला पाहिजे. डॉक्टर, वकील, समाजसेवक यांनी त्यांच्या बोलावण्यावरून यावे.

शासनाने काय करावे? जिल्हा पातळीवर ही कामे पाहणाऱ्या समित्यांत अशा स्त्रियांना, त्यांचे नाव बाहेर न फोडता, स्थान द्यावे. नव्या तक्रारदार स्त्रीसोबत रुग्णालयात व न्यायालयात जाणारीस मानधन आणि प्रवासखर्च द्यावा; गरीब बाईच्या अनुभवावर फुकट समाजसेवा उभारणे हेही शोषणच आहे. गटांना अल्पसे वार्षिक अनुदान द्यावे. खर्चाचा हिशेब जरूर मागावा, नावांचा नव्हे.

यास लागणारी रक्कम कोणत्याही अंदाजपत्रकात नगण्य ठरेल. अवघड आहे ते दुसरेच. आजवर जिला केवळ मदत घेणारी समजले, तिला मदत देणारी आणि निर्णय करणारी म्हणून मान्यता देणे, ही त्याची खरी किंमत आहे. ती मोजण्यास शासनाइतकाच समाजही तयार आहे काय?