घरची होडी : लेखांक ४
बेतायची, शिवायची, पण बदलायची नाही

सुतारकामाचा गंध नसलेल्या घराने बांधलेल्या छोट्या मोटरबोटीत पोराबाळांना बसवावं का? गेल्या आठवड्यात प्लायवुडची निवड पाहिल्यावर पुढचा प्रश्न हाच उरतो. माझं उत्तर ‘जरूर बसवावं’ असं आहे, पण एका अटीवर. आराखड्यात ढवळाढवळ करायची नाही. नवख्या हातांच्या चुका बहुधा वरवरच्या असतात, त्या घासून-भरून निघतात. होडी धोक्याची होते ती ‘एवढ्याने काय बिघडतंय’ म्हणून केलेल्या बदलांनी.

नवख्या हातांनाही चांगली होडी जमते, याचा सर्वात मोठा पुरावा ब्रिटनमधला आहे. नौकारचनाकार जॅक होल्ट आणि टीव्हीवरून घरगुती दुरुस्त्या शिकवणारे बॅरी बकनेल यांची ‘मिरर’ होडी १९६३ साली लोकांपुढे आली. डेली मिरर या वृत्तपत्राने पुरस्कारलेली म्हणून तिचं नाव मिरर. लांबी ३.३ मीटर, रिकामं वजन सुमारे ४५ किलो. ती शिडावर चालते, वल्ह्यांवर चालते आणि मागे छोटी मोटर लावूनही चालते. आजवर ७०,००० हून अधिक मिरर बांधल्या गेल्या, आणि त्यांतल्या कितीतरी सामान्य कुटुंबांनी घरीच बांधल्या. हे जमलं कसं? जुन्या पद्धतीत आधी पठाण (तळाचा कणा) आणि वाकांचा (फासळ्यांचा) सांगाडा उभा राहतो, मग एकेक फळी त्यावर बसवली जाते. होडीचा आकार कारागिराच्या नजरेत असतो आणि ती नजर तयार व्हायला वर्षं लागतात. मिररमध्ये ती नजर आधीच कागदावर उतरवलेली आहे. शिंपी सपाट कापड बेततो, बाही आणि मुंढ्याच्या वक्र कडा जुळवून शिवतो आणि कापडाला खांद्याची गोलाई येते. इथेही तसंच घडतं. प्लायवुडचे सपाट तुकडे बेतायचे, कडेला ठरावीक अंतरावर भोकं पाडायची, तांब्याच्या तारेचे टाके घालायचे आणि पकडीने पिळत न्यायचे. दोन वक्र कडा एकमेकींना भिडल्या की प्लायवुडला वाकण्यावाचून गत्यंतर नसतं. पीळ बसत जातो तसा नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाकडचा, भाग आपसूक वर उचलला जातो. दहा वर्षांच्या मुलीने पिळलेला टाकाही होडीला तोच आकार देतो, कारण आकार टाक्यात नसून बेतात आहे.

तारेच्या टाक्यांवर माणसांचा जीव कसा सोपवायचा, ही शंका रास्त आहे. पण हे टाके कायमचा भार घेण्यासाठी नसतातच. टंकाई पद्धतीच्या जहाजात फळ्या काथ्याने शिवतात आणि ती शिवण जन्मभर जोर घेते. गोव्यात त्याच पद्धतीने बांधलेलं ‘कौंडिण्य’ २०२५ मध्ये नौदलात दाखल झालं. आपल्या होडीतले टाके मात्र कच्च्या धावदोऱ्यासारखे, जोडणी होईपर्यंत तुकडे जागेवर धरण्यापुरते. खरा जोर घेतो तो सांध्याच्या आतून भरलेला इपॉक्सी राळेचा गोलसर भराव आणि त्यावर आतून-बाहेरून चढवलेली काचतंतूंची पट्टी. नीट भरलेला हा सांधा शेजारच्या पातळ प्लायवुडइतकाच बळकट असतो. (राळकाम मात्र मोठ्यांनी हातमोजे घालूनच करावं. ओल्या इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. मुलांना टाके आणि पुढे रंगकाम द्यावं.)

दुसरा आक्षेप मोटरीबद्दलचा, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त बिघाड इथेच होतो. मोटर थोडी मोठी घेतली तर काय हरकत आहे, असं घरातलं कोणीतरी म्हणतंच. पाण्याला टेकलेली लांबी ३.६ मीटर असेल, तर होडी स्वतःच्याच लाटेत अडकण्याचा वेग ताशी साधारण साडेआठ किलोमीटर येतो. तिथवर न्यायला भार माफक असेल तर दोन-तीन अश्वशक्ती पुरते. त्यापुढे शक्ती वाढवली की आधी नाळ वर उठते आणि मागची बाजू खाली बसते. पाण्यावरून सरपटण्यासाठी मुळात बेतलेली नसलेली होडी तिथेच धापा टाकत राहते. शिवाय अडीच अश्वशक्तीची मोटर १५-२० किलोंची, तर दहाची ४० किलोंच्या आसपास. हे वजन टांगलं जातं अगदी शेवटच्या फळीवर, आणि सुकाणू धरणाराही तिथेच बसतो. आता वेगात असताना मोटर एकदम बंद केली, तर होडी थबकते पण तिने मागे उठवलेली लाट थबकत नाही. ती येऊन बुडालेल्या फळीवरून आत कोसळते.

म्हणून पाण्यात उतरवण्याच्या दिवशी मोटर घरी ठेवावी. गुडघाभर पाण्यात रिकामी होडी सोडावी, मोटरीच्या जागी तेवढ्याच वजनाचे दगड पोत्यात भरून बांधावेत आणि मग बादल्यांनी ती काठोकाठ भरावी, म्हणजे भरल्यावरही ती तरते का ते कळतं. बंद कप्प्यांतली हवा किंवा फोम साधारण १०० लिटर असेल तर तेवढ्यावर १०० किलोंच्या आतबाहेर भार तरतो. फोम तळाशी न ठेवता दोन्ही बाजूंना उंचावर बसवला असेल, तर भरलेली होडीही कलंडत नाही, सपाट राहते आणि कडेला धरून राहायला जागा मिळते. ती मागून बुडू लागली तर फोमची जागा बदलून पुन्हा भरून पाहायची. सपाट तरंगली की मगच पोती सोडून मोटर लावायची.